संगीत नाटक नव्यानं बघायला लागताय? एकच नाटक दोनदा बघा, मग गाडी पकडा

गेल्या दिवाळीत फराळ करता करता भाचीनं मला विचारलं, "मावशी, कट्यारचा सिनेमा मी चार वेळा बघितलाय, पण ते मूळ नाटक कुठे बघायला मिळतं गं? आणि मला रागबिग काही कळत नाही, तरी गेले तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल काय, पळेल! पण मग तिला नीट सांगायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाही, कारण नवीन माणूस बहुतेक वेळा चुकीच्या दारानं आत येतो. कुणीतरी कौतुकानं पास देतं, तो एकदम एखाद्या महोत्सवात जाऊन बसतो, गोष्ट माहीत नसते, पदाचे, म्हणजे नाटकातल्या गाण्याचे, शब्द कळत नाहीत, गाणं लांबत जातं, आणि "हे आपल्यासाठी नाही" म्हणून जो उठतो तो परत फिरकत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून तिच्यासाठी जे लिहून काढलं तेच इथे सगळ्यांसाठी देतेय.

मी गिरगावात वाढले. बाबांच्या बोटाला धरून केळेवाडीत साहित्य संघाच्या थिएटरात पहिलं सौभद्र बघितलं तेव्हा मी दुसरीत होते आणि घटोत्कच आला तेव्हा बाबांच्या मागे लपले होते एवढंच आठवतं. पुढे नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशानं तिकिटं काढायला लागले, मग नाटकामागे गावं बघायला लागले, सांगली, मिरज, कुडाळ, गोवा असं सगळं. खाली जे आहे ते या सगळ्यातून आलेलं आहे.

पायरी १ : पहिलं नाटक कोणतं

थोडं मागचं सांगते, लांबवत नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं, १८८२ मध्ये सौभद्र आलं, आणि तिथून पुढे चाळीस-पन्नास वर्षं महाराष्ट्राला या नाटकांचं वेड होतं. देवलांचं शारदा १८९९ चं, खाडिलकरांचं मानापमान १९११ चं, त्यांचंच स्वयंवर आणि देवलांचं संशयकल्लोळ ही दोन्ही १९१६ ची. मग बोलपट आले, नाटक कंपन्या बुडाल्या, आणि साठच्या दशकात परत एक मोठी लाट आली, विद्याधर गोखल्यांची नाटकं, १९६४ चं मत्स्यगंधा, १९६७ चं कट्यार काळजात घुसली. त्यानंतर ओहोटी आहे हे खरं, पण प्रवाह आटलेला नाही. प्राजक्त देशमुखचं देवबाभळी २०१७ मध्ये आलं आणि कॉलेजची मुलंमुली एका संगीत नाटकाला रांगा लावून गेली, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

आता निवड. माझं स्पष्ट मत असं की पहिल्यांदा बघायचं तर सौभद्र, संशयकल्लोळ किंवा कट्यार या तिघांतलंच बघा.

सौभद्र का, तर गोष्ट सोपी आहे आणि सगळ्यांना अर्धी आधीच माहीत असते. सुभद्रेला अर्जुन हवाय, बलरामदादानं तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन येतो आणि कृष्ण मागून सगळी सूत्रं हलवतो. पुराणातली माणसं आहेत पण वागणं अगदी आपल्या घरातलं, लग्नघरात जी कुजबुज चालते ना तशी.

संशयकल्लोळ का, तर हसून हसून पोट दुखतं. नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि एका तसबिरीवरून सगळा घोळ वाढत जातो. एक गंमत आधीच सांगून ठेवते, पात्रांची नावं नीट बघा, फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या, म्हणजे सगळे महिने आणि नक्षत्रं! हे कळलं की नावं लक्षात ठेवायला एकदम सोपी जातात.

कट्यार का, तर सिनेमामुळे गोष्ट माहीत आहे आणि त्यात गाणं हाच नाटकाचा विषय आहे, दोन घराण्यांचं भांडण आहे, त्यामुळे कुणी गातोय म्हणजे का गातोय हा प्रश्न पडतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नाटक हे नाटक आहे, सिनेमातली सगळी गाणी तिथे मिळणार नाहीत, त्यातली काही खास सिनेमासाठी केलेली आहेत.

स्वयंवर आणि मानापमान मात्र पहिल्यांदा नको. दोन्ही माझी अतिशय लाडकी आहेत, पण त्यात गाण्याचं वजन फार आहे आणि संवादांची भाषा जड आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बघा, तेव्हा त्यांची खरी गोडी कळेल.

पायरी २ : जायच्या आधीचे आठ दिवस

नाटक ठरलं की त्याची गोष्ट वाचून घ्या, पूर्ण, शेवटासकट. इथे रहस्य काही नाही, पूर्वीच्या प्रेक्षकांनाही शेवट माहीतच असायचा. मग त्या नाटकातली फक्त चार पदं निवडा आणि तीच आठ दिवस ऐका, लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, कुठेही. चारच. पंचवीस पदांची प्लेलिस्ट केलीत तर एकही डोक्यात राहणार नाही. पदाचे शब्द नेटवर मिळतात, ते एकदा कागदावर हातानं उतरवून काढा, टाइप करू नका, हातानं. जुने शब्द असे हातानं लिहिले की उलगडतात, हे मी भाचीकडून करून घेतलं आणि तिला ते पटलं.

ऐकताना एक जुनं आणि एक नवं रेकॉर्डिंग घ्या. बालगंधर्वांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत कारण तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, म्हणून ते गाणं घट्ट आणि नेमकं आहे, आणि तेच पद आजचा गायक मैफिलीत दहा मिनिटं गातो. दोन्ही ऐकलंत की पद म्हणजे काय आणि त्यावर गायक स्वतःचं काय घालतो हा फरक कानाला आपोआप कळतो. रागाचं नाव माहीत नसलं तरी काही अडत नाही, खरंच नाही.

पायरी ३ : प्रयोग शोधणं आणि तिकीट

संगीत नाटकांचे प्रयोग रोज नसतात, हे मनाशी धरून चाला. महिनाभर वाट बघावी लागेल. शोधायचे रस्ते तीन. एक, रविवारच्या मराठी पेपरातली नाटकांच्या जाहिरातींची पानं, अजूनही सगळ्यात भरवशाची. दोन, बुकमायशो आणि तिकीटालय. तीन, आणि हा सगळ्यात उपयोगी, थिएटरच्या बाहेर लागलेले बोर्ड, येताजाता फोटो काढून ठेवायचा. दादरला शिवाजी मंदिरासमोरून जाताना मी कधीच नुसती जात नाही, मान वर करून बोर्ड वाचूनच पुढे जाते.

मुंबईतली नाट्यगृहं म्हणाल तर दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, प्रभादेवीचं रवींद्र, पार्ल्याचं दीनानाथ, गिरगावात साहित्य संघ, बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, ठाण्याला तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे. यातलं कुठलं ना कुठलं दुरुस्तीसाठी बंद असतंच, तेव्हा निघायच्या आधी फोन करून खात्री करा. मी एकदा उपनगरातल्या एका थिएटरला ऑनलाइन तिकीट काढून आईला घेऊन गेले तर दारावर कागद, प्रयोग रद्द. मेसेज नाही, फोन नाही. आईचे गुडघे दुखतात, ती जिना चढून आली होती, तिचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून सकाळी फोन केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

शक्य असेल तर तिकीट थिएटरच्या खिडकीवरच काढा. प्लॅन लागला, म्हणजे बुकिंग सुरू झालं, की पहिल्या दिवशी जा आणि खिडकीतल्या काकांना सरळ विचारा, "काका, ऑर्गन कुठल्या बाजूला बसणार?" ते सांगतात. मग त्याच्या विरुद्ध बाजूची, पाचवी ते आठवी रांग घ्या, म्हणजे ऑर्गनवाल्याचे हात दिसतात आणि त्याचा आवाज गायकाच्या आवाजावर चढत नाही. बाल्कनी स्वस्त पडते आणि साहित्य संघासारख्या थिएटरात तिथे आवाजही छान येतो, पण चेहरे दिसत नाहीत, म्हणून पहिल्या वेळी खालीच बसा.

पायरी ४ : प्रत्यक्ष थिएटरात

अर्धा तास आधी पोचा. बटाटेवडा मध्यंतरात खायचा, आधी नाही, आधी खाल्लात तर पहिल्या अंकात सुस्ती येते. तिसरी घंटा झाली की फोन बंद, सायलेंट नव्हे, बंद, कारण अंधारात स्क्रीन पेटली की गाणाऱ्याला ती वरून दिसते.

घोषणा होते, पडदा वर जाण्याआधी आतून ऑर्गनचा पहिला सूर येतो आणि नांदी सुरू होते. नांदी म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं ईशस्तवन, सगळे नट मिळून म्हणतात. हा क्षण अजिबात चुकवू नका, उशिरा येणारे नेमका हाच चुकवतात.

ऑर्गनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझा जीव तिथे अडकलेला असतो. पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं असं हे वाद्य, मूळचं चर्चमधलं, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं ते असं काही आपलंसं केलं की आज ऑर्गन म्हटलं की आपल्याला नाट्यपदच आठवतं. त्यांच्याकडे सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवा होते, विचार करा, केवढी माणसं! एकदा साहित्य संघात मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते, तिथून ऑर्गनवादकाचे पाय दिसत होते. चपला काढून शेजारी ठेवलेल्या, उजवा पाय सावकाश, डावा जरा भरभर, आणि गायिका तानेत शिरली तसे दोन्ही पाय जवळजवळ थांबले, भात्यात उरलेल्या हवेवर त्यांनी एकच सूर धरून ठेवला, बारीक, अगदी दोऱ्यासारखा, तिला हवं तिथे फिरून यायला. ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली आणि पाय परत सुरू. मला त्या एका क्षणात साथ म्हणजे काय ते कळलं.

आता पद कसं ऐकायचं. पद सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं वाक्य पकडा. पद नेहमी त्या वाक्यातून उगवतं, जे बोलून सांगता येत नाही ते गाऊन सांगितलं जातं. सौभद्रात कृष्ण रुक्मिणीला पहाट होताना दाखवतो, ते पद देसकार रागात आहे, सकाळचा राग. तुम्हाला देसकार शब्दही माहीत नसू दे, आठ दिवस पद ऐकून गेला असाल तर त्या दृश्यात तुम्हाला उजाडलेलं जाणवेल. आणि एक युक्ती, जो गातोय त्याच्याकडे थोडा वेळ बघा आणि मग जो गात नाहीये त्याच्याकडे बघा. समोरची नटी पाच मिनिटं काय करते? नुसती उभी राहिली तर नाटक थांबतं आणि मैफल होते. चांगली नटी ऐकता ऐकता बदलत जाते, आधी रुसलेली, मग थोडी विरघळलेली, आणि पद संपतं तेव्हा पुढचं वाक्य तिच्या तोंडी आपसूक येतं.

दाद मनापासून द्या. वाहवा म्हणायला लाजू नका, फक्त सम आल्यावर, मध्येच नको. वन्समोअर पूर्वी तीन-तीन, चार-चार वेळा मिळायचा आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं, आता थिएटर ठराविक वेळेपुरतंच मिळतं त्यामुळे एखादाच. खरोखर वाटलं तरच मागा.

पायरी ५ : तेच नाटक परत

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच लोक गाळतात. एक सौभद्र बघितलं की "झालं सौभद्र" म्हणून पुढच्या नाटकाकडे जातात. नका ना असं करू. दोन-चार महिन्यांत दुसऱ्या संस्थेचं तेच नाटक बघा, किंवा त्याच संस्थेचं पण कृष्ण किंवा सुभद्रा वेगळी असताना. पदं तीच, संवाद तेच, आणि नाटक मात्र वेगळं होतं. एक कृष्ण तेच पद दोन मिनिटांत संपवून पुढे जातो, दुसरा सात मिनिटं खुलवतो, आणि तुम्हाला पहिल्यांदा स्वतःचं मत होतं की मला हे आवडलं, ते नाही, आणि का नाही. माझी भाची दुसऱ्या वेळी मध्यंतरात मला म्हणाली, "मावशी, मागची सुभद्रा रडून गात होती, ही रडणं दाबून गातेय, हे जास्त लागतं." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, राग न कळणाऱ्या मुलीनं गायकीतला सगळ्यात अवघड फरक ओळखला होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या आजी-आजोबांशी मध्यंतरात जरूर बोला. संगीत नाटकाला येणारे ज्येष्ठ लोक म्हणजे चालतीबोलती लायब्ररी. एक आजी पर्सवर बोटांनी ताल धरून होत्या, मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं बाळ, माझ्या वडिलांनी बालगंधर्वांना ऐकलंय, मी वडिलांना ऐकलं, तू मला ऐक." आणि दोन ओळी गुणगुणल्या, वड्याच्या रांगेत!

पायरी ६ : मुंबईतला एक रविवार

प्रवासाची सुरुवात घरापासून करा. सकाळी चर्नी रोडला उतरा. आधी रॉयल ऑपेरा हाउस बाहेरून नीट बघा, पंचम जॉर्जनी १९११ मध्ये त्याचं उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं, १९९३ पासून ते बंद पडलेलं होतं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. आत कुठलाही कार्यक्रम असला तरी एकदा तिकीट काढून जाच, नुसतं छत बघायला.

तिथून चालत ग्रँट रोडकडे. विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये इथल्या ग्रँट रोड थिएटरात तिकीट लावून खेळ केले. या भागाला पिला हाउस म्हणतात, तो प्लेहाउस या शब्दाचा लोकांच्या तोंडी झालेला अवतार. आज बघायला नाटकाचं काही शिल्लक नाही, हे आधीच सांगते, म्हणजे निराश होणार नाही. पण मी तिथे उभी राहते ती १२ मार्च १९११ साठी. त्या दिवशी इथल्या रिपन थिएटरात मानापमानचा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. आणि ८ जुलै १९२१ ला मुंबईतच संयुक्त मानापमान झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन राजे एका रंगमंचावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, ऐन तारुण्यात.

मग परत गिरगावात, ठाकुरद्वारच्या बाजूला मिसळ खा, केळेवाडीत शिरा आणि दुपारचा प्रयोग असेल तर तो गाठा.

बीकेसीला नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून परदेशी म्युझिकलही मुंबईत येतात, साउंड ऑफ म्युझिक येऊन गेलं, २०२५ मध्ये फँटम ऑफ द ऑपेरा आलं होतं. परवडत असेल तर नक्की बघा, नेपथ्य बघून डोळे दिपतात. तिथे गाणं रोज त्याच मापात व्हावं म्हणून सगळे झटतात, आपल्याकडे गायकानं आज काहीतरी वेगळं करावं म्हणून प्रेक्षक कान टवकारून बसतात. एकापाठोपाठ एक बघितलं की दोन्हीबद्दल प्रेम वाढतं, माझं तरी वाढलं.

पायरी ७ : पुणे

हे सोपं, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत. बालगंधर्व रंगमंदिर, २६ जून १९६८ ला उघडलं, बालगंधर्वांच्या जन्मतारखेला, ते स्वतः मात्र आदल्या वर्षी गेले होते. आणि सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर, संस्था १८९४ ची, तिथे अजून संगीत नाटकं होतात. मुंबईत महिनाभर काही मिळालं नाही तर पुण्याच्या जाहिराती बघा.

पायरी ८ : सांगली, हरिपूर, मिरज

ही माझी सगळ्यात आवडती वारी. सीएसएमटीवरून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा, पहाटे सांगली-मिरजेत. नोव्हेंबर सगळ्यात चांगला, कारण ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत राजेसाहेबांपुढे विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी सांगलीत भावे नाट्यगृहात विष्णुदास भावे गौरव पदक देतात आणि गावात वातावरण असतं. भाव्यांच्या त्या पहिल्या खेळातही सूत्रधार गातच गोष्ट सांगत होता, म्हणजे आपलं नाटक जन्मलं तेच गात.

सकाळी गणपतीचं देऊळ करा, भडंग घ्या आणि रिक्षानं हरिपूरला जा, तीन-चार किलोमीटर आहे. हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ, आणि एक पार, तिथे बसून देवलांनी शारदा लिहिलं असं गावकरी सांगतात. शारदा म्हणजे म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट. ते नाटक बघून इथे या, किंवा निदान त्यातली पदं ऐकून या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाटावर एक बाई कपडे धूत होत्या, पाणी संथ, समोरच्या काठावर ऊस, आणि मी फोनवर शारदेचं पद हळू आवाजात लावलं. त्या बाई धुणं थांबवून म्हणाल्या, "आमच्या शाळेत बसवलं होतं हे." आणि पुढची ओळ त्यांनी म्हटली. नाटक पुस्तकातून, रेकॉर्डमधून मिळतंच, पण ते ज्या पाण्याकाठी सुचलं तिथे ते अजून लोकांच्या तोंडात आहे हे तिथेच जाऊन कळतं.

दुपारी मिरज. सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले वाळलेले भोपळे दुकानात टांगलेले असतात, कारागीर बोटानं टकटक करून आवाज ऐकतो आणि मगच कापतो. आधी विचारा, "बघत बसलो तर चालेल का?" बहुतेक जण बसायला स्टूल देतात. काम चालू असताना व्हिडिओ काढू नका, निदान विचारल्याशिवाय नको. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण म्हणून उरुसाच्या वेळी मोठमोठे गवई हजेरी लावतात, ती तारीख साधता आली तर उत्तमच.

एक दिवस जास्त असेल तर कोल्हापूर जवळ आहे. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं थिएटर, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. मी त्या थिएटरात बसलेली आहे. बातमी बघितली तेव्हा हातातला डबा तसाच खाली ठेवला.

पायरी ९ : कुडाळ आणि गोवा

संगीत नाटक म्हणजे फक्त मखमली पडदा नव्हे हे कळायला तळकोकणात दशावतार, म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायलाच हवा. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास जत्रा सुरू होतात आणि पुढे कित्येक महिने गावोगावी चालू असतात. दादरहून तुतारी किंवा सीएसएमटीहून कोकणकन्या पकडायची, कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं, आणि उतरल्याबरोबर पहिल्या हॉटेलात चहा पिताना विचारायचं, "आज खंयच्या गावात नाटक आसा?" तेवढं पुरतं. रात्रीची रिक्षा मात्र परतीसकट आधीच ठरवा, पैसे ठरवून, कारण पहाटे चार वाजता देवळापाशी काही मिळत नाही.

खेळ मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होतो. नेपथ्य म्हणाल तर एक बाक, तोच सिंहासन, तोच पलंग, तोच रथ. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरते आणि संवाद नट जागच्या जागी बोलतात, पेटी, पखवाज आणि झांज, आणि बायकांची कामं करणारेही पुरुषच. शक्य असेल तर मेकअप चालू असतानाच जा, एका कंदिलाएवढ्या उजेडात, हातातल्या छोट्या आरशात बघून माणूस स्वतःच्या हातानं राणी होतो, दिवसभर शेतात राबलेले हात असतात ते. त्यांच्यातच म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. लांबून, शांतपणे बघा, मध्ये मध्ये करू नका. बसायला एक चटई, अंगावर घ्यायला शाल आणि डासांसाठी ओडोमॉस, एवढं सोबत हवंच.

गोव्याला आणखी वेगळं. तिथे देवळांच्या उत्सवात गावातले लोक स्वतः संगीत नाटक बसवतात, पोस्टमन, मास्तर, दुकानदार, आणि शारदा, सौभद्र, मत्स्यगंधा अशी नाटकं पाठ असतात लोकांना. पणजीच्या कला अकादमीत संगीत नाटकांची स्पर्धा होते, तिच्या तारखा पेपरात येतात. पणजी-फोंडा बसनं मंगेशीला उतरा, दीनानाथ मंगेशकर इथलेच आणि कट्यार, मत्स्यगंधाला संगीत देणारे जितेंद्र अभिषेकीही इथलेच, देवाला अभिषेक करणारं घराणं म्हणून अभिषेकी. देवळात संध्याकाळच्या आरतीला थांबा, चौघडा ऐका.

खर्चाचं म्हणाल तर मुंबईतला प्रयोग, येणंजाणं आणि वडा-चहा धरून माणशी पाचशे-सातशेत होतो. सांगलीची वारी स्लीपरनं आणि साध्या लॉजवर दोन दिवसांत तीन हजाराच्या आत बसते, कोकणातला दशावतार फुकट, फक्त नटाला बक्षीस म्हणून द्यायला खिशात दहा-वीसच्या नोटा ठेवा. तिकिटांची खोडं फेकू नका, एका वहीत चिकटवून शेजारी तारीख, कोण गायलं, कुठलं पद लक्षात राहिलं एवढं लिहा. भाचीच्या वहीत आत्ता सहा खोडं आहेत, त्यातली दोन सौभद्रची, आणि येत्या ५ नोव्हेंबरसाठी महालक्ष्मीची दोन तिकिटं आम्ही काढून ठेवलीत, तिला खालचा बर्थ दिलाय.